खोप्याची शर्त

आषाढ शुद्ध ३, शके १८६२

ही वही पाटलाच्या दप्तरातली, उर्दू छापाची, उजवीकडून उघडणारी. किशनराव पाटलानं रद्दीत टाकली, आबांनी माझ्यासाठी मागून आणली. मी डावीकडून लिहायला घेतलीय, म्हंजे उर्दूत कारभार करणाऱ्या आमच्या सरकारच्या हिशेबानं शेवटच्या पानापासून. असू दे. एवीतेवी माझं सगळं उलटंच चाललंय.

आज चौथ्या पाहुण्यांचा नकार आला. परवा ते आले तेव्हा नवऱ्या मुलाच्या आईनं बसायच्या आधी काठवट मागितली. "पोरी, एक भाकरी थापून दाखव." आमच्याकडं रीतच हाय तशी. पोरगी लिहिती का, वाचती का, गोफण मारती का, हे कुणी इचारत न्हाई. भाकरी फुगली की पोरगी पसंत. माझी भाकरी तव्यावर टाकतानाच दुभंगली. जोडायला गेले तर चार तुकडे झाले. नवरदेवाला मिसरूडबी धड फुटलेलं न्हवतं, पण तो फिसकन हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याच्या हातातली सुपारी खाली पडली.

आई गेल्यापासून घर तानुआत्याच्या हातात हाय. आबांची थोरली बहीण. तिनं विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेला एक जुना खोपा उचलून आणला आन् माझ्या मांडीवर आपटला.

"बघ! एवढीशी चोच, पण ती सुगरण कसं घर विणती. तुला देवानं दोन हात दिले, काय उपेग?"

मग मुद्द्यावर आली. मानवतला तिच्या नात्यातला एक बिजवर हाय. अडतवाला, वय पंचेचाळीस, दोन बायका गेलेल्या. दसऱ्यापर्यंत दुसरं कुठं जमलं न्हाई तर मला तिथं द्यायची.

"एकोणीस लागलं तिला, यंकट," ती आबांना म्हणली. "उद्या मी मेले तर हिच्याकडं कोण बघंल?"

आबांनी मान खाली घातली. म्हातारी शंभर वर्षं जगणार, तिला काय धाड भरलीय! मला त्या अडतवाल्याकडं जायचं न्हाई. इथं एकदा लिहून ठेवते. जायचं न्हाई, न्हाई, न्हाई.

आषाढ शुद्ध ६

सैपाकघरातून माझी हकालपट्टी झाली. आता काम राखणीचं. ज्वारी कोवळी हाय, हरणांचे कळप माळावरून उतरत्यात आन् शेंडे खुडून जात्यात. विहिरीजवळ चार मेढींवर आमचा माळा हाय. त्याच्यावर बसायचं आन् गोफण फिरवायची. आत्याला वाटतं ही शिक्षा हाय. तिला कोण सांगणार!

माळ्याला छप्पर न्हाई. आज चिंब भिजले. शिडीची एक पायरीबी सुटलीय, पाय घसरून गुडघा फुटला. आबांना सांगायचं म्हणून ठरवलं आन् घरी येऊन इसरले.

समोरच्या बाभळीच्या फांद्या विहिरीवर लोंबत्यात. त्याच्यावर सुगरणींचा धंदा जोरात हाय. म्हणलं, चला, आत्या म्हणती तर शिकून तरी घेऊ. पिवळ्या डोक्याची पाखरं खपायलीत. शिंदीच्या झाडाच्या पात्याला चोचीनं चीर पाडायची आन् उडायचं, की हातभर दोरा सुटून येतो. गाठबी मारत्यात. माझी वेणी मला अशी घालता येत न्हाई.

आषाढ शुद्ध १०

माळ्यावर छप्पर आलंय! गवताचं, दाट, अंबाडीच्या दोरानं बांधलेलं, गाठ अशी की ओढावं तितकी आवळती. पायरीबी नवी. आबांना म्हणलं, लय चांगलं केलं. ते म्हणले, "मी कुठं केलं? मला वाटलं तूच केलंस." आमच्या घरात कुणी काय केलं हे कुणालाच ठाऊक नसतं.

पाटलाचा भाचा बन्सीधर रोज विहिरीवर बैल पाजायला आणतो. आई-बाप लहानपणीच गेले, मामाकडं वाढला. पंचवीस वर्षांचा बाप्या, पण तोंडात मूग. आज त्याचा बैल आमच्या ज्वारीत शिरला. मी माळ्यावरून जे तोंड सोडलं, ते नदीपल्याड ऐकू गेलं असंल. तो नुसता तांबडा झाला, पावसाळ्यातल्या सरड्यासारखा, आन् बैल वळवून गेला. पाटलाच्या घरी मोप पाणी हाय. एवढ्या लांब कशाला यावं माणसानं?

आषाढ वद्य ४

आज मोठा शोध लागलाय. नीट लिहिते.

आज सकाळी आठ-धा तपकिरी चिमण्यांसारखी पाखरं बाभळीवर उतरली. पिवळ्यांनी एकच कालवा केला. परतेक जण आपापल्या अर्ध्या खोप्याला उलटा लोंबकळून पंख फडफडवायला लागला. खोपे सगळे अर्धेच, उलट्या टोपलीसारखे, मधी बसायला दांडी. एक तपकिरी एका खोप्यात शिरली. दांडीवर बसली. इकडून काडी ओढली, तिकडून ओढली. आन् निघून गेली! पिवळा गप झाला. दुसरीकडं गेली, तिथंबी ओढून बघितलं. तिसऱ्या खोप्यात गेली ती बाहेर आलीच न्हाई. पिवळ्यानं लगेच पुढचं विणायला घेतलं. आन् पहिल्या गड्यानं काय केलं? आपला खोपा चोचीनं फाडून टाकला आन् शेजारी नवा सुरू केला.

अगं बाई! म्हंजे पिवळा नर हाय. विणतो तो नर! मादी एक काडीबी विणत न्हाई, फकस्त ओढून बघती पक्कं हाय का.

मी माळ्यावरून उडी मारली आन् धावत घरी गेले. आत्या भाकरी भाजत होती.

"आत्या, सुगरण न्हाईच ती! सुगरणीचा नवरा हाय!"

"खुळी झालीस काय? नर घर बांधतो, मग बाई काय करती?"

"बघती."

"नुसतं बघती?"

"आन् न्हाई आवडलं तर जाती."

आत्या उलथणं घेऊन माझ्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

श्रावण शुद्ध ८

आता मला दुसरं काही दिसतच न्हाई. कोण कसं पोट भरतं आन् कोण कशी जोडी जमवतं, तेवढंच बघते.

खाटीक म्हणून पाखरू हाय, डोळ्यांवर काळी पट्टी. टोळ धरतो आन् बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. सात टोळ आन् एक सरडा मोजला. मला वाटलं, कंजूष हाय. पण त्याची मादी आली तेव्हा त्यानं एक टोळ उपसून तिला चारला. कोठार तिला दाखवायलाच भरलेलं. खंड्या विहिरीतली मासळी धरतो, फांदीवर आपटतो आन् तोंड पुढं करून मादीला देतो, मासळीचं डोकं तिच्याकडं, म्हंजे घशात अडकू नये. हरणातला काळा नर मान मागं टाकून असा चालतो की जसा तहसीलदार दौऱ्यावर आला. बगळे मातर हुशार. बन्सीधरच्या बैलांच्या पायाशी चालत्यात, बैलानं गवत तुडवलं की टोळ उडत्यात, ते गिळत्यात. फुकट जेवण. सध्या त्या बगळ्यांच्या डोक्याला हळद लागलीय. लगीनसराई!

आज बाभळीच्या काट्याला एक फडकं अडकवलेलं होतं. निळ्या चौकड्यांचं. आत भाजलेल्या शेंगा, अजून कोमट. कुणी तरी इसरलं असंल. मी खाल्ल्या.

श्रावण शुद्ध १३

परत शेंगा. हा कोण इसराळू माणूस हाय देव जाणे. फडकं धुऊन परत काट्याला लावलं.

श्रावण अमावस्या, पोळा

आज माझी इज्जत, माझं लगीन, सगळं पाराला टांगून आले.

खोप्याची गोष्ट आत्यानंच बायकांत सांगितली होती, हसायला म्हणून. संध्याकाळी मारुतीपुढं बैल जमले. सगळा गाव हजर. किशनराव पाटील पारावरून म्हणले, "काय गं मने, सुगरणीला मिशा फुटल्या म्हणं?"

सगळे खो खो हसले. मी गप बसले असते. पण आत्याबी हसली.

"व्हय," मी म्हणले. "फुटल्या. आन् त्या बाईला भाकरी थापाया कुणी सांगत न्हाई. आधी नर घर दाखवतो, मग ती पसंत करती. तुमी सगळ्यांनी जलमभर बघितलं आन् उलटं समजलात!"

"मग तिला सुगरण का म्हणत्यात?"

"नाव ठेवणाऱ्यानं माळ्यावर बसून बघितलं नसंल."

पाटलाचं हसू थांबलं. "सिद्ध कर."

"करते. शर्त लावा."

आवाज माझाच होता, पण मलाच वळखू आला न्हाई. मी म्हणले, मी जिंकले तर माझं लगीन माझ्या पसंतीनं. आन् माझी भाकरी बघायच्या आधी नवरदेवानं काय तरी करून दाखवायचं. मी हरले तर मुकाट मानवतला जाईन.

 आबा बैलाची झूल सारखी करत होते. वर न बघता म्हणले, "कबूल." जलमात पहिल्यांदा ते आत्याच्या आधी बोलले.

पण सिद्ध करायचं कसं? सगळी पिवळी सारखीच दिसत्यात. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणलं, "रंग लावा." बन्सीधर! बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावता लावता बोलला. "एका पिवळ्याच्या छातीला शिंगाचा रंग लावू. म्हंजे त्यो कळंल. त्याच्या खोप्यात अंडी झाली की बघू, अंड्यावर कोण बसतं." एका दमात एवढं बोलला आन् परत तांबडा झाला. गडी अगदीच बिनडोक न्हाई म्हणायचा.

भाद्रपद शुद्ध २

बन्सीधरनं मासळीचं जाळं शिंदीवर टाकलं आन् चार पिवळी धरली. तीन सोडली, एकाच्या छातीला हिंगूळ लावला. पाखरू हातात असताना त्यो त्याच्याशी हळूहळू काय तरी बोलत होता. म्हंजे बोलता येतं की त्याला.

भाद्रपद शुद्ध ६

घात झाला. तांबड्याच्या खोप्याकडं एकबी मादी फिरकंना. येत्यात, त्याची छाती बघत्यात आन् शेजारी जात्यात. बिचारा उलटा लोंबकळून लोंबकळून दमला. माझ्यापायी एका गड्याचं लगीन मोडलं! आन् त्याचं मोडलं तर माझं मानवतला जमलं.

आज माळ्यावर बसून रडले. खाली बैल होते. बन्सीधर त्यांना पाणी पाजत होता. मग म्हणला, "पाऊस पडला की रंग थोडा धुपंल. खोपा चांगला हाय त्याचा. चांगला खोपा वाया जात न्हाई." मी म्हणले, "तुला काय ठाऊक?" त्यो म्हणला, "काय न्हाई," आन् गेला. उगंच खेकसले. काट्याला शेंगा होत्या.

भाद्रपद शुद्ध ८

आली! आज एक तपकिरी तांबड्याच्या खोप्यात शिरली. दांडीवर बसली, काडी ओढली, माती लिंपलेली तिथं चोच मारून बघितली. मी श्वास धरून मोजत होते. शंभर झाले, दोनशे झाले. बाहेर आली न्हाई. तांबडा खुळ्यासारखा गात सुटला. तपकिरीचा होकार हा असा. बोलत न्हाई, आत बसून राहती.

मीबी माळ्यावर नाचले. माळा हलला न्हाई. पक्का बांधलाय कुणी तरी.

भाद्रपद वद्य २

जिंकले! जिंकले! जिंकले!

आता सगळं नीट लिहिते. दिवस उगवायच्या टायमाला पंच आले. पाटील, पुजारी, आबा, आत्या आन् मागं अर्धा गाव. बन्सीधर कमरेला दोर बांधून विहिरीवरच्या फांदीवर चढला. त्याच्याजवळ फडक्याची पिशवी. खोप्याच्या नळीला खालून पिशवी लावायची आन् वरून टिचकी मारायची, की आतलं पाखरू पिशवीत.

"आधी हा उघड," पाटलांनी भलताच खोपा दाखवला. रिकामा निघाला. आत्या म्हणली, "बघा, विणणारी चरायला गेली." लोक हसले. 

"आता तो." त्यातून मुनियांची जोडी निघाली. सुगरणीच्या जुन्या घरात बिनभाड्याची राहत होती! आता तर लोक लोळायलाच लागले. पाटील मिशीवर हात फिरवायला लागले. आबा माझ्याकडं बघंनात.

"तिसरा तांबड्याचा," मी म्हणले.  बन्सीधर फांदीच्या टोकाला सरकला. फांदी वाकली, खाली विहीर. त्यानं पिशवी लावली, टिचकी मारली. पिशवी हलली. तोंड आवळून त्यो हळूच उतरला आन् पिशवी थेट आत्याच्या हातात दिली.

आत्यानं आत बघितलं. तपकिरी. साधी, बिनरंगाची, घाबरलेली.

"तपकिरी हाय," आत्या पुटपुटली. मग एकदम ओरडली, "अगं बाई! अगं बाई गं!"

पिशवीत अंडं होतं. पांढरं, कोमट, आत्ताच घातलेलं. पंचांच्या देखत, आत्याच्या तळहातावर!

आन् वर बघा म्हणले मी. वर तांबड्या छातीचा गडी शेजारच्या फांदीवर काडी विणत होता. सगळ्यांनी बघितलं. पुजाऱ्यानं हात जोडले.

"पण हा काय करायलाय?" पाटील म्हणले. "खोपा तर झाला की."

खोटं बोलावं असं वाटलं, पण शर्त ती शर्त. "दुसरा बांधायलाय. दुसरीसाठी."

आत्या फणकारली. "मेला बिजवरच निघाला की!"

मग जे हसणं झालं, त्यात मानवतचा अडतवाला वाहून गेला. पाटलांनी पारावर येऊन सांगितलं, "पोरगी जिंकली. आमी सगळे उलटं समजलो." आबांनी डोळे पुसले. आत्यानं तपकिरीला सोडलं, अंडं बन्सीधरकडून परत खोप्यात ठेववलं आन् घरी येऊन मला गुळाचा खडा दिला. 

बन्सीधरला मी म्हणले, "तुझे लय उपकार झाले." त्यो दोराची गाठ सोडत बसला. गाठ अशी की ओढावं तितकी आवळती. ही गाठ मी कुठं तरी बघितलीय.

आश्विन शुद्ध ४

गंगाखेडचा एक नवरदेव आला. रेशमी फेटा, बोटात अंगठी, कानात अत्तर. मी इचारलं, "तुमाला काय येतं?" त्यो आपल्या बापाकडं बघायला लागला. बाप म्हणला, "त्याला काय यायला पाहिजे? त्यो मुलगा हाय!" मी म्हणले, "मोरालाबी नाचावं लागतं." गेले. आत्या हसू दाबत आत गेली, मी बघितलं.

आश्विन शुद्ध ८

पाटील आबांकडं आले होते. बन्सीधरनं म्हणे दुधना नदीपल्याड बापाच्या पडीक रानात घर बांधलंय. चार महिने एकट्यानं खपत होता. दसऱ्याला घर बघायला या म्हणले. आबा आन् आत्या एकमेकांकडं बघून हसले. त्यात हसण्यासारखं काय?

घर कुणासाठी बांधलं असंल? मामानं कुणी तरी पोरगी ठरवली असंल. ठरवू दे. मला काय करायचंय? आज गोफणीचा एकबी दगड नेमका लागला न्हाई. उगंच सगळ्यांचा राग येतोय.

आश्विन शुद्ध १०, दसरा

मी जगातली सगळ्यात मोठी बावळट हाय. पहिलं वाक्य हेच.

बैलगाडीनं दुधना ओलांडून गेलो. घर लहान, पण ताठ. दारापुढं सारवलेलं. मी आत शिरले आन् वर बघितलं. छप्पर गवताचं, दाट, अंबाडीच्या दोरानं बांधलेलं. गाठ तीच. माझ्या माळ्याची.

मग कोनाड्यात निळ्या चौकड्यांचं फडकं दिसलं. खुंटीला नवी गोफण, माझ्या हाताच्या मापाची. मागं खिडकी, तिच्यातून शेत दिसावं अशी. खिडकीखाली ताज्या विणीची बाज.

शेंगा. छप्पर. पायरी. रोज बैल पाजायला कोसभर लांब येणं. मी पाखरांचं सगळं वहीत टिपलं आन् माझ्या नाकासमोर खाटकाचं कोठार भरत होतं, ते मी कुणा इसराळू माणसाचं म्हणून खाल्लं!

बन्सीधर चुलीपुढं बसला होता. तांबडा झालेला. "शर्तीपरमाणं," त्यो म्हणला, "आधी मी." काठवट पुढं ओढली, पीठ मळलं, थापायला लागला. गोल, पातळ, सारखी. आई नसलेल्या पोराला सगळं शिकावं लागतं. भाकरी तव्यावर पडली, निखाऱ्यापुढं उभी राहिली आन् टम्म फुगली. आत्यानं पापुद्रा उचलून बघितला. एक घास, दोन घास, सगळी भाकरी संपवली.

"मीठ कमी हाय," ती म्हणली. आत्यानं एवढी तारीफ कुणाची केली न्हाई आजवर.

मी उठले. छपराची एक काडी ओढली. निघाली न्हाई. आडव्या वाशाला दोन्ही हातांनी लोंबकळले. आबा "अगं, अगं" म्हणत राहिले. वासा हलला न्हाई. भिंतीच्या लिंपणावर बोट घासलं. मग बन्सीधरपुढं उभी राहिले.

"शेजारी दुसरा खोपा बांधायचा इचार न्हाई न्हवं?"

"न्हाई," त्यो म्हणला. तांबडा झाला न्हाई. पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघून बोलला. "एकच यवस्थित बांधता आला, लय झालं."

बाहेर गाडी जुंपली. आबांनी हाक मारली, "चला, ऊन चढायलंय." पाटील उठले, आत्या उठली.

मी बाजेवर बसले. सुताची वीण ओढून बघितली. पक्की होती. परत हाक आली, "मने, येतीस न्हवं?"

मी बसून राहिले. आत्यानं दारातून वळून बघितलं, मग बाहेर जाऊन आबांना म्हणली, "बैल सोड, यंकट. ती काही बाहेर यायची न्हाई."